मुठेची पूररेषा : एका दस्तऐवजाची पारख

नदीच्या कांठीं घर बांधावयाचें तर पाणी कोठवर येतें हें आधीं विचारावें, हा व्यवहार आपल्याकडे नवा नाहीं. नवें आहे तें एवढेंच कीं, हा प्रश्न पूर्वीं गांवांतील वृद्धांस विचारीत. आतां तो नकाशावरील रेषेस विचारतात. सरकारच्या जलसंपदा खात्यानें आखलेली पूररेषा पाहून महानगरपालिका बांधकामास परवानगी देते किंवा नाकारते, आणि त्या कागदाच्या भरंवशावर गृहस्थ जन्माची पुंजी घालून घर घेतो. अर्थात् ही रेषा हा एक दस्तऐवज आहे. सनदेची वा बखरीची जशी पारख होते, तशीच त्याचीही झाली पाहिजे. तो कोणत्या पुराव्यावर तयार झाला, आणि कोणता पुरावा त्यांतून गळला? पुण्याच्या मुठा नदीपुरता हा विचार आम्ही येथें करीत आहों.

कसब्याची जुनी वस्ती मुठेच्या उजव्या तीरावरची. पेशवाईंत ऐन पात्रालगत जें बांधलें गेलें त्यांत देवालयें व घाट ठळकपणें दिसतात. ओंकारेश्वर हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. दगडी देवालय पाण्यांत उभें राहूं शकतें, मातीच्या भिंतींचें घर राहूं शकत नाहीं. परंतु एवढ्यावरून पूर्वजांस पाण्याचें सर्व ज्ञान होतें असें मानणें भाबडेपणाचें होईल. त्यांनींही प्रवाह वळविले. कात्रजकडून येणारा आंबील ओढा पूर्वीं आजच्या मध्यवस्तींतून वाहत शनिवारवाड्याच्या बाजूस नदीस मिळे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत तो पश्चिमेकडे वळविण्यांत आला व पर्वतीच्या पायथ्याशीं तळें झालें. पुढें शहर वाढलें, तळ्याच्या जागीं बाग झाली आणि ओढ्यास लोक गटार समजूं लागले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं अतिवृष्टीनें हाच ओढा फुगला व अरण्येश्वर, टांगेवाला वसाहत या भागांत माणसें दगावलीं. ओढा विस्मृतींत गेला तरी त्याचें पाणी आपली वाट विसरलें नव्हतें.

मुठेच्या इतिहासांतील सर्वांत भीषण दिवस म्हणजे १२ जुलै १९६१. आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण पुरें होण्याआधींच त्या सकाळीं फुटलें. त्या लोंढ्यापुढें, १८६९ सालीं काम सुरू होऊन एका तपांत उभें राहिलेलें खडकवासल्याचें दगडी धरणही त्याच दिवशीं कोसळलें, आणि शनिवार, नारायण, कसबा इत्यादि पेठांची नदीकांठची घरें बुडालीं. निर्वासित झालेल्या कुटुंबांसाठीं गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती वसल्या. कांहीं जुन्या वास्तूंवर त्या दिवसाच्या पाण्याची खूण अद्याप दाखविली जाते. संशोधकाच्या दृष्टीनें ही खूण म्हणजे शिलालेखच होय.

आतां रेषेकडे वळूं. १९७५ सालीं केंद्र सरकारनें पूरक्षेत्राच्या विभागणीचें नमुना विधेयक राज्यांकडे पाठविलें. मणिपूरनें १९७८ सालीं व राजस्थाननें १९९० सालीं तसे कायदे केले. महाराष्ट्रांत मात्र पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकावर काम चाललें. त्यान्वयें दोन रेषा ठरल्या. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणारा पूर, अथवा नदीच्या प्रस्थापित पात्राच्या वहनशक्तीच्या दीडपट पाणी, यांपैकीं जें अधिक, त्याची मर्यादा ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आंत बांधकाम निषिद्ध. दोहोंमधील पट्ट्यांत तें नियंत्रित. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलींत हेंच तत्त्व आलें असून, या मधल्या पट्ट्यांत लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंचीवर बांधकामास अनुमति मिळूं शकते. पुण्यांत निळ्या रेषेसाठीं सेकंदास ६०,००० घनफूट व लाल रेषेसाठीं १,००,००० घनफूट असा विसर्ग धरण्यांत आला.

या दस्तऐवजांत तीन दोष संभवतात. पहिला दोष भाषेचा. ‘शंभर वर्षांतून एकदां’ हे शब्द ऐकून, एकदां पूर येऊन गेला म्हणजे शतकभर निश्चिंती, असें सामान्य मनुष्य समजतो. वास्तविक त्याचा अर्थ, दरवर्षीं शंभरांत एक संभव, एवढाच. गणित केल्यास तीस वर्षांच्या मुदतींत असा पूर निदान एकदां येण्याचा संभव शेंकडा २६ निघतो. निळ्या रेषेच्या पुराचा तर शेंकडा ७१. घरावरील कर्ज फिटण्यास लागणारा काळ सामान्यतः याहून फार निराळा नसतो.

दुसरा दोष कालाचा. रेषा आखली तेव्हां पात्र जसें होतें तसें तें राहत नाहीं. भराव पडले, भिंती उठल्या, गाळ सांचला, तर तेंच पाणी पूर्वींपेक्षां उंच चढतें. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून सेकंदास सुमारें ३५,००० घनफूट पाणी सुटलें असतां सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत घरांत पाणी शिरलें. हा विसर्ग निळ्या रेषेच्या हिशेबाहून पुष्कळच कमी होता. वरच्या क्षेत्रांतील ओढ्यांचें पाणी त्यांत मिळालें हें खरें. तरीही इतक्या पाण्यानें घरें बुडतात, तेव्हां एक तर रेषा चुकली, किंवा पात्र बदललें, किंवा रेषेकडे न पाहतां बांधकाम झालें. तिन्हींचा निकाल पुराव्यानेंच लागेल.

तिसरा दोष विस्मृतीचा. धरणफुटीचें पाणी हा नैसर्गिक पूर नव्हे, म्हणून वर सांगितलेल्या व्याख्येंत १९६१ चा पूर बसत नाहीं. यावर कोणी म्हणेल, ती पातळी प्रमाण मानली तर अर्ध्या पेठांत वीट लावतां येणार नाहीं. आक्षेप रास्त आहे. पण आमचें म्हणणें निषेधाचें नाहीं, नोंदीचें आहे. बांधकाम कोठें थांबवावें हें अधिकाऱ्यांनीं ठरवावें. परंतु पाणी प्रत्यक्ष कोठवर आलें होतें, हें त्याच नकाशावर तिसऱ्या रेषेनें दाखविण्यास कोणती हरकत? घर घेणारास तें कळण्याचा अधिकार आहे.

येथेंच संशोधकांचें काम सुरू होतें. जुन्या वाड्यांच्या भिंतींवरील खुणा, घाटांच्या पायऱ्या, घरगुती रोजनिशा व पत्रें, नगरपालिकेचीं दप्तरें, छायाचित्रें, वयोवृद्धांच्या जबान्या, हीं सारीं पुराचीं साधनें होत. प्रत्येक खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घ्यावी, ती कोणी सांगितली हें लिहावें आणि परस्परविरोधी पुरावा लपवूं नये. वाडे पडून तेथें नव्या इमारती उठत आहेत व भिंतींबरोबर खुणाही नष्ट होत आहेत. ज्यांनीं १९६१ चें पाणी डोळ्यांनीं पाहिलें त्यांची संख्या दरवर्षीं घटत आहे. हें काम आतां न झालें तर पुढें परवानगीच्या कागदाची सत्यता पडताळण्यास नदीवांचून दुसरा साक्षीदार उरणार नाहीं.