टँकरवाली राखीव तुकडी

इराक युद्धावरचा मागचा भाग ऐकून एका श्रोत्यांनी विचारलं, "रणगाडे पुढे गेले ते ठीक, पण त्यांना इंधन कोण पोचवत होतं?" आजचा भाग त्यावरच.

व्हिएतनामनंतर, 1973 साली, अमेरिकेने सक्तीची भरती बंद केली. खडी फौज लहान झाली आणि मालवाहतुकीसारखी बरीच कामं राखीव सैनिकांकडे गेली. राखीव म्हणजे महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे गणवेशात, बाकी दिवस आपापली नोकरी. इलिनॉयमधल्या बार्टनव्हिलची 724वी ट्रान्सपोर्टेशन कंपनी त्यातलीच. कंपनी म्हणजे लष्करी तुकडी, बरं का.

9 एप्रिल 2004, गुड फ्रायडे. बगदाद पडल्याला त्या दिवशी बरोब्बर वर्ष झालं होतं. या तुकडीच्या संरक्षणात 26 वाहनांचा ताफा विमानाचं इंधन घेऊन बलदजवळच्या तळावरून बगदाद विमानतळाकडे निघाला. टँकर चालवत होते कंत्राटी नागरिक, तेही नि:शस्त्र. अबू घरेबजवळ गोळीबार सुरू झाला. टँकर पेटले, सांडलेल्या इंधनावरून मागच्या गाड्या घसरायला लागल्या. जेरेमी चर्च हा ताफाप्रमुखाचा ड्रायव्हर. शेजारी साहेब जखमी. हा एका हाताने गाडी हाकतोय, दुसऱ्याने बंदूक चालवतोय. साहेबांना सुरक्षित जागी पोचवलं आणि उरलेल्यांना आणायला पुन्हा त्याच रस्त्यावर गेला! पुढे त्याला सिल्व्हर स्टार मिळाला. मला विचाराल तर, आघाडी आणि पिछाडी हा फरक त्या रस्त्यावर फक्त नकाशापुरता उरला होता.

सहा कंत्राटी चालक मारले गेले. टॉमी हॅमिल पकडला गेला. हा मिसिसिपीचा गाईम्हशीवाला, म्हणजे खरं तर फक्त गाईवाला. कर्जापायी गोठा विकून इराकला आलेला. 2 मे रोजी तो कैदेतून निसटला.

तुकडीतला वीस वर्षांचा मॅट मॉपिन मात्र परतला नाही. आठवड्याभराने अल जझीरावर त्याची चित्रफीत दिसली. बेपत्ता असतानाही लष्कर त्याला बढत्या देत राहिलं. त्याचे अवशेष सापडले मार्च 2008 मध्ये.