एक कुंडी, एक वाटाणा आणि ‘राजा हरिश्चंद्र’चे भांडवल

१/ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, हे सर्वांना ठाऊक असते. त्यासाठी कर्ज मिळाले ते मात्र कुंडीतल्या वाटाण्यामुळे, आणि ती कथा जशी सांगितली जाते तशी हिशेबात बसत नाही. #थ्रेड

२/ दादासाहेब फाळके आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला, सेसिल हेपवर्थ यांच्याकडे चित्रपटनिर्मिती पाहिली आणि ते परतले. यंत्र आले, विद्या आली. पैसा उरला नव्हता. न पाहिलेल्या धंद्यात पैसा कोण घालणार?

३/ म्हणून दादर येथे त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोवला. बीज फुटून वेल होईपर्यंतची चित्रे थांबून थांबून घेतली. पडद्यावर महिन्याहून अधिक काळाची वाढ क्षणांत उलगडली. या लघुपटाचे नाव ‘अंकुराची वाढ’. आज ज्याला टाइम-लॅप्स म्हणतात, तेच हे तंत्र.

४/ कल्पना जगाला नवी नव्हती. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे प्रयोग केले होते. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा उमलत्या फुलांचा चित्रपट १९१० साली लोकांनी पाहिला होता.

५/ यातली खरी कसोटी प्रकाशाची असते. त्या काळच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेरीत साधारण ८ चित्रे उमटत. सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणजे १६ चित्रे. एकेक चित्र घ्यायचे तर हात किती वेगाने फिरला, यावर फिल्मला मिळणारा उजेड ठरे. हात मंद पडला की चित्र उजळ, घाईने फिरला की काळपट.

६/ त्यात सूर्य रोज सारखा नसतो. ढग आला तर भिंगाचे छिद्र मोठे करावे लागे, स्वच्छ ऊन पडले तर लहान. विजेवर चालणारे प्रकाशमापक बाजारात आले ते १९३० च्या दशकात. तोवर अनुभवी डोळा किंवा प्रकाशाने काळा पडणारा कागद, एवढाच आधार होता.

७/ स्थिरचित्रकाराला एक काच बिघडली तर ती वेगळी धुऊन सावरता येई. इथे शेकडो चित्रे एकाच पट्टीवर, एकाच रसायनात. एका दिवसाची चूक त्या चित्रापुरती दुरुस्त होत नसे. पडद्यावर ती लुकलुकीच्या रूपाने दिसे. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही फाळके यांच्या घरातली कामे सरस्वतीबाई करीत. या इतिहासात त्यांचे नाव फार उशिरा घेतले गेले.

८/ आता हिशेब. ‘रोज एक चित्र आणि मिनिटभराचा चित्रपट’ असे वारंवार लिहिले जाते. मिनिटभरासाठी १६ × ६० = ९६० चित्रे लागतात. रोज एक घेतल्यास दीड महिन्यात ४५ होतात. पडद्यावर तीन सेकंदही नाहीत. तेव्हा एक तर चित्रपट मिनिटभराचा नव्हता, नाही तर चित्रे रोज एक नव्हती.

९/ मिनिट खरे मानले तर रोज वीस ते तीस चित्रे हवीत. ती एकदमच घेतली तर वेल पडद्यावर दिवसागणिक उडी मारेल. वाढ सलग दिसायची तर दिवसभरात ठरावीक अंतराने पुनःपुन्हा कॅमेऱ्यापाशी यावे लागेल. म्हणजे सकाळ, दुपार, सांज अशा तिन्ही उजेडांशी जुळवून घेणे आले. ‘रोज एक’ हे सुटसुटीत वाक्य नेमके हे श्रम झाकते. मूळ फिल्म आज उपलब्ध नसल्याने हा गुणाकार अधिकच मोलाचा.

१०/ परिणाम मात्र निर्विवाद आहे. तो लघुपट पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे यांनी कर्जाची तयारी दाखवली. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला.

११/ लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या शिवारात मृगाच्या पावसानंतर फुटणारा सोयाबीनचा अंकुर आज मोबाइलवरही असा टिपता येतो. पण मोबाइल आपणहून प्रत्येक चित्राचा उजेड नव्याने ठरवतो आणि तीच जुनी लुकलुक परत येते. म्हणून मॅन्युअलवर जाऊन शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून कायम ठेवावेत; मोबाइल तिवईवर घट्ट बसवावा; वेल वर जाईल, म्हणून चौकटीत वर जागा सोडावी. १९१२ साली या सर्व गोष्टी एका माणसाच्या मनगटाला आणि डोळ्याला सांभाळायच्या होत्या.