सीओपीडी आणि आहार

फुप्फुसांतल्या हवेच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा दीर्घकालीन विकार म्हणजे सीओपीडी. विडी-सिगारेट, चुलीचा धूर आणि कामाच्या ठिकाणची धूळ ही त्याची ठळक कारणे. ताटातल्या अन्नाकडे संशोधकांचे लक्ष त्या मानाने उशिरा गेले. अमेरिकेतील १,२०,००० हून अधिक परिचारिका व इतर आरोग्य व्यावसायिकांची पाहणी २०१५ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाली. अख्खे धान्य, भाज्या, सुकामेवा भरपूर आणि प्रक्रिया केलेले मांस, गोड पेये कमी, असा आहार घेणाऱ्यांत हा आजार सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. स्वीडनमधील पुरुषांच्या २०१७ च्या अभ्यासात फळे-भाज्यांचा असाच लाभ मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांत आणि ते सोडलेल्यांत दिसला. ही निरीक्षणे आहेत, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. आणि फळे खाऊन सिगारेटची भरपाई मुळीच होत नाही.

आजार जडल्यावर मात्र खरा प्रश्न वजनाचा असतो. हवा आत अडकून छाती फुगते, श्वासपटल सपाट होते, प्रत्येक श्वासाला जादा ऊर्जा लागते. त्यात जेवतानाच धाप लागते, म्हणून रुग्ण अर्ध्या ताटावरून उठतो. हातापायांबरोबर श्वासाचे स्नायूही झिजतात. सीओपीडी रुग्णाचा धोका मोजण्यासाठी २००४ मध्ये मांडलेल्या ‘बोड’ निर्देशांकात बीएमआय २१ किंवा त्याहून कमी असणे हे धोक्याचे लक्षण म्हणून मोजले जाते.

अशा खंगलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो पथ्याचा: दूध नको, दही नको, केळे नको, कफ होईल. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडमध्ये ६० स्वयंसेवकांना सर्दीच्या विषाणूची लागण करून १९९० मध्ये हे तपासले गेले. दूध जास्त पिणाऱ्यांत शेंबूड वाढलेला आढळला नाही. दुधाने घशात तात्पुरता दाटपणा जाणवतो, पण तो वाढलेला कफ नव्हे. ज्याला दूध पचते त्याचा प्रथिनांचा एवढा सोपा स्रोत बंद करणे घातक आहे.

पूरक गोळ्यांचे म्हणाल, तर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी आजार उफाळणे कमी होते, पण ज्यांच्यात त्याची तीव्र कमतरता आहे त्यांच्यातच.

मग खावे कसे? पोट गच्च भरले की श्वासपटलाला हलायला जागा उरत नाही. म्हणून थोडे थोडे, पाच-सहा वेळा खावे. अंडी, दाट वरण, शेंगदाण्याची चटणी, तूप यांतून कमी घासांत जास्त पोषण मिळते. घरी ऑक्सिजन लावणाऱ्यांनी जेवताना नाकातली नळी काढू नये.