ऑडिओ सीडीचे मोजमाप : मिनिटे आणि बाइट

विंडोज ९५ ही प्रणाली असलेल्या संगणकात ऑडिओ सीडी घातली असता पडद्यावर ‘ट्रॅक०१.सीडीए’, ‘ट्रॅक०२.सीडीए’ अशी फाइलींची यादी दिसत असे. गीत दोन मिनिटांचे असो वा वीस मिनिटांचे, प्रत्येक फाइलीचा आकार ४४ बाइट एवढाच. या फाइली हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या व सीडी बाजूला काढली, की त्यांतून एक स्वरही उमटत नसे. ध्वनिमुद्रणांचे जतन करू पाहणाऱ्याची येथेच फसगत होण्याचा संभव होता. या विसंगतीचे मूळ सीडीच्या जन्मकथेत आहे.

फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचे प्रमाणक निश्चित केले. तांबड्या वेष्टनामुळे ते ‘रेड बुक’ म्हणून ओळखले जाते. ऑक्टोबर १९८२ मध्ये सीडी वाजविणारे यंत्र जपानच्या बाजारात आले. या प्रमाणकात ‘फाइल’ ही संकल्पनाच नाही. तबकडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेषा असते आणि तिचे अंतर मिनिट, सेकंद व सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग अशा कालमानात मोजले जाते. सेकंदाला ४४,१०० नमुने हा आकडा तर चक्क दूरचित्रवाणीकडून आला. प्रारंभीचे अंकीय ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर होत असे. एका रेषेत ३ नमुने, २४५ रेषा व सेकंदाला ६० क्षेत्रे यांचा गुणाकार ४४,१०० होतो. युरोपीय पद्धतीतील २९४ रेषा व ५० क्षेत्रे धरली तरी उत्तर तेच येते.

डावा व उजवा असे दोन ध्वनिप्रवाह आणि प्रत्येक नमुन्यास २ बाइट, या हिशेबाने सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. त्याचा पंचाहत्तरावा भाग, म्हणजे २,३५२ बाइट, हा एक सेक्टर. तबकडीच्या आतील कडेजवळ अनुक्रमणिका असते. तीत प्रत्येक ट्रॅकच्या आरंभाची वेळ नोंदलेली असते, लांबी मात्र नसते. ती पुढील ट्रॅकच्या आरंभातून वजाबाकी करून काढावी लागते. विंडोजची ४४ बाइटांची फाइल म्हणजे याच माहितीला दिलेले फाइलीचे रूप होय. तीत ट्रॅकचा क्रमांक, आरंभ आणि लांबी असते, ध्वनी नसतो. ती फाइल तबकडीवर अस्तित्वातच नसते. ग्रंथालयातील सूचीपत्र घरी नेल्याने ग्रंथ हाती येत नाही, तसाच हा प्रकार.

संगणकीय माहितीसाठी सीडी वापरण्याची वेळ आली तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. ध्वनीतील एखादा नमुना वाचता आला नाही तर शेजारच्या नमुन्यांवरून तो अंदाजाने भरता येतो, कानाला सहसा ते कळत नाही. हिशेबाच्या आकड्यांत असा अंदाज चालत नाही. म्हणून २,३५२ पैकी २,०४८ बाइट माहितीस देऊन उरलेली जागा मुख्यतः सेक्टरची ओळख, पत्ता व त्रुटिदुरुस्ती यांसाठी राखण्यात आली. ७४ मिनिटांच्या तबकडीत ३,३३,००० सेक्टर असतात. माहिती म्हणून त्यांत ६८,१९,८४,००० बाइट मावतात. वेष्टनावरील ‘६५० एमबी’ ते हेच. ध्वनी म्हणून मात्र ७८,३२,१६,००० बाइट, म्हणजे त्याच परिमाणात सुमारे ७४७ एमबी. ६५० एमबीच्या तबकडीतून ७४७ एमबी ध्वनी निघतो, यात कोणतीही चूक नाही.

मॅक ओएस एक्सने वेगळी वाट धरली. तेथे तीच सीडी एआयएफएफ फाइलींच्या रूपात दिसते आणि पाच मिनिटांच्या गीताचा आकार सुमारे ५,२९,२०,००० बाइट भरतो. या फाइलीही तबकडीवर नसतात. वाचनाच्या वेळी त्या घडविल्या जातात. तरी त्या उतरवून घेतल्यास ध्वनी खरोखर हाती येतो, आणि सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने हीच मांडणी अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

ध्वनी उतरवून घेतानाही एक मेख उरतेच. ध्वनीच्या सेक्टरमधील सर्व २,३५२ बाइट नमुन्यांनीच व्यापलेले असतात. त्यांचा पत्ता वेगळ्या उपप्रवाहात असतो आणि तो नमुन्याइतका काटेकोर नसतो. त्यामुळे दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरविलेल्या एकाच गीताचा आरंभ काही नमुन्यांनी मागेपुढे होऊ शकतो. अशा दोन प्रती कानाला एकच वाटतात, परंतु बाइटशः ताडून पाहिल्यास जुळत नाहीत.