रखमाबाईंचा दावा आणि आपल्या दारात येणारी नोटीस

आजच्या गप्पांना सुरुवात करतो ती आमच्या गटातल्या एका ताईच्या पाकिटापासून.

ही ताई मारहाणीला कंटाळून माहेरी आली होती. काही महिन्यांनी कोर्टाचे पाकीट आले. घरातली मोठी माणसे म्हणाली, "सही केली म्हणजे कबूल केल्यासारखे होते, घेऊ नकोस." पाकीट परत गेले. वर्ष-दीड वर्षाने दुसरे आले, ते तिने घेतले, पण न उघडताच देवाच्या फोटोमागे ठेवले. पुढे नवऱ्याने दुसरे लग्न केल्याचे कळले, तेव्हा आम्ही सगळ्या तिला घेऊन तालुक्याच्या वकीलताईंकडे गेलो. त्यांनी पाकीट उघडले, कोर्टातून माहिती काढली आणि सांगितले, "पहिली नोटीस नांदायला येण्याची होती. दुसरी घटस्फोटाची. दोन्ही वेळा तू हजर नव्हतीस, म्हणून दोन्ही हुकूम एकतर्फी झाले."

"पण मला नांदायला बोलावणारा हा दावा आला कुठून?" असे त्या ताईने विचारले. वकीलताई म्हणाल्या, "त्यासाठी मुंबईच्या रखमाबाईंची गोष्ट ऐकावी लागेल." ती गोष्ट आम्ही त्यांच्याकडून ऐकली, मग वाचली, आणि आज तुम्हाला सांगत आहोत.

रखमाबाईंचा जन्म 1864 सालचा, सुतार समाजातला. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. रखमाबाईंचे लग्न 11 व्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आईजवळ राहून त्या शिकत राहिल्या. वाचनाने त्यांना जाण आली आणि त्यांनी ठरवले, या माणसाबरोबर संसार करायचा नाही.

1884 साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला, की माझी बायको माझ्या ताब्यात द्या. हा दावा आपल्या जुन्या रीतीतला नव्हता. तो इंग्लंडच्या धर्मकोर्टांतून इंग्रजांबरोबर इथे आला होता. 1885 च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. अजाणत्या वयात लग्न झालेल्या आणि कधीच न नांदलेल्या बाईला जबरदस्तीने नवऱ्याकडे पाठवणे त्यांना पटले नाही. त्याच वर्षी रखमाबाईंनी 'एक हिंदू स्त्री' अशा टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहून बालविवाहाने मुलींचे काय होते ते मांडले.

निकालाने मोठा गदारोळ झाला. लोकमान्य टिळकांच्या केसरीनेही रखमाबाईंच्या विरोधात लिहिले. दादाजींनी अपील केले, खटला पुन्हा चालवायचा हुकूम झाला आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंचे उत्तर होते, तुरुंग पत्करला, पण तिथे जाणार नाही. शेवटी 1888 साली तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, 1894 साली परतल्या आणि सुरत व राजकोटच्या बायकांची त्यांनी वर्षानुवर्षे सेवा केली.

मैत्रिणींनो, रखमाबाईंनी तेव्हा घटस्फोट का मागितला नाही? कारण त्यांना मागता येईल असा कायदाच नव्हता. अनेक जातींत काडीमोड होता, पण तो जातपंचायतीच्या हातात. तथाकथित वरच्या जातींत तर तोही नव्हता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळात 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, मुंबई प्रांतात 1947 साली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलातून साऱ्या देशासाठी हा हक्क मागितला. बिल रखडले आणि 1951 साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे हे एक मोठे कारण होते. अखेर 18 मे 1955 पासून हिंदू विवाह कायदा लागू झाला. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला रखमाबाई वारल्या. म्हणजे हा कायदा त्यांच्या हयातीतच आला.

या कायद्याने घटस्फोट दिला, पण रखमाबाईंवर लागलेला तो दावाही ठेवला. कलम 9 म्हणजे तोच. फरक मोठे आहेत. न नांदल्याबद्दल कैद करण्याची तरतूद 1923 सालीच गेली. हा दावा आता बायकोलाही लावता येतो. 1983 साली आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाविरोधी ठरवले होते, पण 1984 साली सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. ज्या इंग्लंडमधून हा दावा आला, तिथे मात्र 1970 च्या कायद्याने तो बंद झाला.

आता कोणी पोलीस घेऊन तुम्हाला सासरी नेऊ शकत नाही. मग या नोटिशीला भ्यायचे कशाला? भ्यायचे नाहीच, पण दुर्लक्षही करायचे नाही. नांदण्याचा हुकूम झाला आणि त्यानंतर वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत, तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. आमच्या ताईचे नेमके हेच झाले. तिची बाजू खरी होती, पण ती कोर्टाच्या कागदावर आलीच नाही.

वकीलताईंनी आम्हाला जे समजावले, ते असे. पाकीट नाकारले तरी नोटीस बजावली असेच धरले जाते. घेतले म्हणजे काही कबूल होत नाही. पाकीट उघडून तीन गोष्टी पाहा, कोर्ट कोणते, खटल्याचा नंबर काय, तारीख कोणती. त्या तारखेला हजर राहा आणि वकिलामार्फत आपले लेखी म्हणणे द्या. त्यासाठी साधारण 30 दिवस असतात.

कलम 9 मध्ये 'वाजवी कारण' हा शब्द आपला आधार आहे. घर सोडायला वाजवी कारण होते, हे घर सोडणाऱ्याला दाखवावे लागते. म्हणून दवाखान्याचे कागद, पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची प्रत, मोबाईलवरचे मेसेज, मध्यस्थी केलेल्या माणसांची नावे हे सारे एका पिशवीत जपून ठेवा. गटाचे पासबुक जपतो तसे.

आणि कोर्ट आता फक्त नवऱ्याचे राहिलेले नाही. 1955 च्या मूळ कायद्यात छळ हे फक्त वेगळे राहण्याचे कारण होते. 1976 च्या दुरुस्तीने ते घटस्फोटाचे कारण झाले आणि दोघांच्या संमतीने घटस्फोट घेण्याची सोयही तेव्हाच आली. 2003 पासून बायको आपण राहतो तिथल्या, म्हणजे माहेरच्या भागातल्या कोर्टातही अर्ज करू शकते. खटला चालू असताना दरमहा खर्च आणि कोर्टखर्च मागता येतो. 2020 साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनीही आपली मिळकत शपथेवर लिहून द्यावी. नांदण्याचा हुकूम न पाळणाऱ्या बाईलाही, तिच्याकडे योग्य कारण असेल, तर पोटगी मिळू शकते, असे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले.

कौटुंबिक न्यायालयाची कल्पनाही एका बाईचीच. दुर्गाबाई देशमुख 1953 साली चीनला जाऊन आल्या, तिथली अशी न्यायालये त्यांनी पाहिली आणि पंडित नेहरूंपुढे विषय मांडला. कायदा व्हायला 1984 उजाडले. पुण्यात आणि मुंबईत 1989 साली ही न्यायालये सुरू झाली. तिथे आधी समुपदेशक दोघांशी बोलतात आणि तडजोड होते का पाहतात. "जुळवून घे" असे कोणी म्हणाले, तर विचार करायला वेळ मागा. न पटणाऱ्या कागदावर सही करू नका. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे हे अर्ज दिवाणी न्यायालयात चालतात.

एक इशारा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर दोघांच्या सह्या घेऊन, नोटरी करून दिलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. एखाद्या जातीत काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. ती नाही झाली तर आपण ना धड सासरच्या, ना धड मोकळ्या.

हे सारे हिंदू विवाह कायद्याचे झाले. बौद्ध, जैन, शीख भगिनींनाही तोच लागतो. मुस्लिम आणि ख्रिश्चन भगिनींचे कायदे वेगळे आहेत, पण मोफत वकिलाचा हक्क सगळ्यांचा सारखाच. 1987 च्या कायद्याने कोणत्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 या नंबरवर फोन करा.

आमच्या ताईचे पुढे काय, असे तुम्ही विचाराल. एकतर्फी हुकूम रद्द करण्यासाठी तिने विधी सेवेच्या वकिलामार्फत अर्ज केला आहे. त्याला मुदत थोडी असते, म्हणून कळल्यावर एक दिवसही घालवायचा नसतो. पोटगीचा अर्जही दिला आहे. निकाल लागायचा आहे. पण प्रत्येक तारखेला ती हजर असते आणि गटातली कोणीतरी एक तिच्यासोबत जाते. तारखांची पाळी आम्ही हप्त्याच्या वहीतच मागच्या पानावर लिहिली आहे.

रखमाबाई कोर्टात उभ्या राहिल्या तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. आपल्या बाजूने आज पुष्कळ आहे, पण तो पाकिटात बंद असून उपयोग नाही. पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या घरी न उघडलेले पाकीट आहे त्यांनी ते घेऊन यावे. आपण सगळ्या मिळून उघडू.