अपोलो बंदरावरील यॉट क्लबच्या वास्तू

मुरुडसारख्या गावाहून दप्तरे पाहावयास मुंबईस जाणाऱ्या संशोधकाने अपोलो बंदरावरील रॉयल बाँबे यॉट क्लबच्या दोन वास्तूही कागदांइतक्याच बारकाईने पाहाव्यात. इ. स. १८४६ त स्थापन झालेल्या या क्लबास १८७६ त व्हिक्टोरिया राणीकडून ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. समुद्रकाठचे जुने क्लबगृह १८८१ चे. निवासगृह जॉन ॲडम्स याच्या आराखड्यावरून १८९८ त पुरे झाले. या निवासगृहात व्हेनिसच्या गॉथिक धाटणीशी हिंदी-सारसेनी शैलीचा मेळ घातला आहे. परंतु ज्या देशाची शिल्परीती भिंतींनी स्वीकारली, त्या देशाच्या माणसांस इंग्रजी अमदानीत तेथे सभासदत्व नव्हते. लॉर्ड विलिंग्डन यांच्या कारकीर्दीत निराळा क्लब निघाला, तो हिंदी व युरोपियन अशा उभयतांसाठी. पुढे १९४९ त टाटा मूलभूत संशोधन संस्था जुन्या क्लबगृहात आली आणि होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली हिंदी शास्त्रज्ञ तेथे काम करू लागले.

ही हकीकत दगडी कमानी सांगत नाहीत. ती नियमपुस्तिकांत व सभासदांच्या याद्यांत सापडावयाची. म्हणून असल्या छापील चोपड्या क्षुद्र मानून रद्दीत जाऊ न देता सनदा-महजरांशेजारी जपणे, हे संग्राहकांचे कर्तव्य होय.