गावाच्या देहाबाहेर

हिंदू संस्कृतीत देह, घर आणि विश्व ही एकाच साच्यात ओतलेली आहेत, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्या साच्यात कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य, मस्तकापासून द्युलोक आणि पायांपासून पृथ्वी निर्माण होते. त्याच देहात ब्राह्मण हा मुख, राजन्य हा बाहू, वैश्य ही मांडी आणि शूद्र पायांपासून उपजलेला. विश्वाची रचना व माणसांची उतरंड एकाच देहावर बसविल्यामुळे उतरंडीलाही सूर्यचंद्रांचे अढळपण लाभले. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात या सूक्ताची चिकित्सा केली ती उगाच नव्हे. शूद्राला निदान पाय तरी मिळाले. अस्पृश्याला या देहात नखाएवढीही जागा नाही. ज्याला देहात अवयव नाही त्याला गावात घर कोठून मिळणार?

वास्तुशास्त्राने हाच विचार जमिनीवर उतरविला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ८१ किंवा ६४ पदांच्या चौकटीत वास्तुपुरुष निजविलेला आहे. त्याचे डोके ईशान्येला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या उत्तरेला ब्राह्मण, पूर्वेला क्षत्रिय, दक्षिणेला वैश्य, पश्चिमेला शूद्र आणि स्मशानाच्या कडेला चांडाळ. मनुस्मृतीने चांडाळ-श्वपचांना गावाबाहेर ठेवले.

आता आपली गावे पाहा. महाराष्ट्रातील अनेक गावांत महारवाडा पूर्वेला असे. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावात शिरू नये, हा हेतू. शास्त्रात पूर्व ही क्षत्रियांची दिशा. म्हणजे सोय पाहून शास्त्राची दिशा बदलता येत होती. आम्हाला बाहेर ठेवण्याचा नियम तेवढा बदलता येत नव्हता. आणि वेस राखायची महारानेच, शिवेच्या तंट्यात साक्षही त्याचीच!

आमच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता कूस ढासळली आणि १३३८ साली चोखोबा तिच्याखाली गाडले गेले, असे परंपरा सांगते. जी भिंत आपल्याला बाहेर ठेवते तीच बांधताना मरण यावे, यापरते गावगाड्याचे वर्णन कोणते? नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेल्या. समाधी झाली ती महाद्वारापाशी, म्हणजे मेल्यावरही उंबऱ्याबाहेर. ते दार उघडण्यास १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले.

याच मंगळवेढ्यात बाराव्या शतकात बसवेश्वर राहिले. त्यांनी ही प्रतीके उलटी केली. देह हेच देऊळ ठरले आणि लिंग गाभाऱ्यातून माणसाच्या अंगावर आले. पुढे कल्याणात हरळय्या या चर्मकार शरणाच्या मुलाचा विवाह मधुवरस या पूर्वाश्रमीच्या ब्राह्मणाच्या मुलीशी झाला, तेव्हा बिज्जलाच्या राज्यात दोन्ही बापांना देहदंड झाला, अशी शरणपरंपरा सांगते. देहाचे रूपक बदलले तोवर चालले. रोटीबेटीला हात घातला तेव्हा हत्तीच्या पायांची भाषा सुरू झाली. होटगीला वीरशैवांचा मठ आहे, शरणांचे नाव या मुलखात घरोघर आहे. तरी येथल्या गावांचे महारवाडे गावाबाहेरच राहिले. प्रतीक बदलून जमीन आपोआप बदलत नाही, हा या इतिहासाचा धडा होय.

होटगी जंक्शनवरून विजापूर-गदगकडे फाटा फुटतो. रूळ टाकताना ईशान्य-नैर्ऋत्य कोणी पाहिले नाही. जमिनीचा चढउतार पाहिला. जागेचा विचार असाही करता येतो.

आज वास्तुपुरुष सदनिकेत राहावयास आला आहे. शिकलेसवरलेले, नोकरीत स्थिरावलेले आपले बांधवही कर्ज काढून घेतलेल्या दोन खोल्यांत वास्तुतज्ज्ञाला बोलावतात, चूल हलवितात, दार बुजवितात. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते : ज्या पुरुषाच्या देहात आपल्या आज्यापणज्यांना जागा नव्हती, त्याचे डोके कोणीकडे आहे हे पाहून आपण आपले घर का फिरवावे?